लाल रेघेच्या पुढे

प्रोसेसर कधी ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीनं चालवला होता का? होय. नाही. दोन शब्दांपुढे दोन लहान चौकोन होते आणि छगनच्या हातात काउंटरला दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं. नगरला सावेडीत, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर, बिघडलेला माल परत घेण्याचं हे केंद्र होतं. काचेपलीकडच्या माणसानं हाच प्रश्न छगनच्या मुलीला, निकिताला, तोंडी विचारला होता, ती सरळ नाही म्हणाली होती आणि त्यानंही मान वर न करता पुढचं विचारलं होतं. पण बिल छगनच्या नावावर होतं, म्हणून चौकोनातली खूण आणि सही छगनचीच हवी होती. फॉर्म इंग्रजीत होता. तेवढं इंग्रजी त्याला येत होतं. साखर कारखान्यात तो बॉयलरवर होता, तिथले सगळे काटे, सगळ्या पाट्या इंग्रजीतच होत्या. निकिता शेजारी उभी राहून मोबाईल बघत होती. तिच्या दृष्टीनं काम झालं होतं. खूण करायची, सही करायची, पावती घ्यायची, पंधरा दिवसांनी नवा प्रोसेसर. छगननं पेन चौकोनाजवळ नेलं आणि प्रश्न पुन्हा वाचला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्यांदा विचारला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, समोर तपासणीला आलेले अधिकारी होते, टेबलावर पोह्यांच्या बशा होत्या, आणि प्रश्न मराठीत होता. बॉयलर ठरवून दिलेल्या दाबाच्या वर चालवला होता का?

प्रोसेसर आणला तो मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास. निकिता घरी बसून बिल्डर लोकांची कामं करायची. अजून न बांधलेल्या इमारतींची अशी चित्रफीत बनवायची की बघणाऱ्याला वाटावं, आपण त्या घरातून चालतोय. स्वयंपाकघरात ओट्यावर ऊन पडलेलं, गॅलरीत तुळस, सगळं खरं वाटणारं आणि काहीच नसलेलं. हे काम जुन्या यंत्रावर तासन्‌तास चालायचं. म्हणून तिनं एकेक भाग निवडून नवं यंत्र जोडायचं ठरवलं आणि प्रोसेसर असा घेतला की ज्याची गती आपल्या हातानं वाढवता येते. आयुष्यात पहिल्यांदाच ती असं काही करणार होती. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. श्रीरामपूरचं एक स्थळ दारात उभंच होतं, आणि तिनं आईकडून एका वर्षाची मुदत मागून घेतली होती. एका वर्षात काम पायावर उभं राहिलं तर कुणी लग्नाचं नाव काढायचं नाही. त्यामुळे यंत्राला घाई होती. दुकानदार म्हणाला होता, ताई, गती वाढवणार असाल तर कंपनीची साधी वॉरंटी धरू नका, ती तिथंच संपते. आमच्याकडे वेगळी जादा वॉरंटी आहे, ती घ्या. निकितानं विचारलं, सगळेच घेतात का? तो म्हणाला, जुने लोक घेत नाहीत, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं घ्यावीच. जुन्या माणसाच्या हातूनही चूक होते, पण नेमकं काय चुकू शकतं ते त्याला माहीत असतं. नवख्याला तेच माहीत नसतं. निकितानं वळून छगनकडे पाहिलं होतं. छगनला अजून आठवत होतं, आपण तेव्हा हसलो होतो. म्हणालो होतो, "अगं, मी तीस वर्षं आग सांभाळली. हळूहळू वाढवायचं आणि काट्यावर डोळा ठेवायचा. त्याला कसली वॉरंटी?"

आणि खरोखरच तो डोळा ठेवून बसला होता. निवृत्त झाल्यापासून एवढे चांगले दिवस त्याला आले नव्हते. दुपारचं जेवण झालं की तो निकिताच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायचा. ती गती एक पायरी वाढवायची, कामाला लावायची, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे हलायला लागायचे. बासष्ट, अडुसष्ट, एकाहत्तर. तो मोठ्यानं वाचायचा. चौऱ्याहत्तरला स्थिर झालं की म्हणायचा, चढव अजून. पाच तासांचं काम सव्वाचार तासांत व्हायला लागलं तेव्हा दोघांनी चहा केला आणि मुक्ताबाईला, म्हणजे निकिताच्या आईला, बाहेर बोलावून आकडे दाखवले. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण बापलेक एका जागी बसून हसतायत हे तिला बरं वाटलं. छगनच्या पायांना पुन्हा ती जुनी कंपनं जाणवायची. बॉयलर हाउसमधल्या लोखंडी जाळीवर उभं राहिलं की तळव्यातून वर चढणारी, आपल्या हातात काहीतरी जिवंत आहे असं सांगणारी. तीन महिन्यांनी पडदा मधेच गोठायला लागला. मग यंत्र आपोआप बंद पडायला लागलं. एका सकाळी नुसते पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. गावातल्या दुरुस्तीवाल्यानं सगळं उघडून, दुसरा प्रोसेसर लावून पाहिलं आणि विचारलं, व्होल्टेज किती ठेवलं होतं? निकिता म्हणाली, ते आपोआपवर होतं. तो म्हणाला, तिथंच मेलं. आपोआपवर ठेवलं की बोर्ड लागेल त्यापेक्षा जास्त वीज देत राहतं. पंखा चांगला होता, म्हणून तापमान वाढलं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुम्ही तापमान बघत बसलात, आतून ते रोज थोडं थोडं जळत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, फॉर्मवर नाही लिहा. सगळे तेच लिहितात. बाहेरून कुणाला काय कळतंय.

तुम्ही भलत्याच काट्याकडे बघत बसलात. दुरुस्तीवाला असं म्हणाला नव्हता, पण छगनला ते तसंच ऐकू आलं होतं आणि आठ दिवस ऐकू येत होतं. आता पेन हातात धरल्यावर ते वाक्य आणखी खाली गेलं आणि तिथं पुंजाराम उभा होता. पुंजाराम पाथर्डीकडच्या कोरड्या भागातला. त्याची सगळी भावकी दर साल दिवाळी झाली की ऊसतोडीला यायची. हा एकटा त्या फडातून सुटला होता. कुणाच्या तरी ओळखीनं त्याला हंगामापुरतं बॉयलरवर घेतलं होतं. डोक्यावर सावली, पायात बूट, आणि आठ तासांची पाळी. तो पहिल्या दिवशी बूट हातात घेऊन आला होता, खराब होतील म्हणून. त्याला छगनच्या हाताखाली दिलं. छगननं त्याला काटा दाखवला. एकवीसवर लाल रेघ हाय, काटा तिच्यापुढं जाऊ द्यायचा नाही. पुंजारामनं दहा दिवस त्या काट्यावरून नजर हलवली नाही. अकराव्या दिवशी त्यानं विचारलं, "भाऊ, काटा तर चोवीसवर हाय. रेघ पुसून पुढं काढायची का?" त्याला खरंच तसं वाटलं होतं. त्या आठवड्यात यार्डात बैलगाड्या उभ्या राहायला जागा नव्हती, ऊस वाळत होता, आणि साहेबांनी गाळप वाढवायला सांगितलं होतं. दाब वाढवला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा आणि वाफ वाया जायची. साहेब म्हणाले, आवळून घे. छगननं स्वतःच्या पान्यानं तो आवळला. पुंजारामला म्हणाला, काही होत नसतं, कंपन्या रेघ मुद्दाम अलीकडे मारतात.

बाराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मुख्य पाइपाच्या जोडातून बारीक आवाज यायला लागला. शिट्टीपेक्षा बारीक, कुणीतरी दातांतून हवा ओढावी तसा. छगन खाली पाण्याच्या पंपाशी होता. त्यानं आवाज ऐकला आणि तो जागच्या जागी थांबला, कारण त्याला त्याच्या वस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की असा आवाज आला तर पाय उचलायचा नाही. एवढ्या दाबाची वाफ दिसत नाही. भोकापासून हातभर लांब गेल्यावर ती पांढरी होते, त्याआधी तिथं काहीच नसतं, नुसती मोकळी हवा दिसते. पुढं काठी धरून चालायचं. काठी तुटली की समजायचं. हे छगनला माहीत होतं, आणि पुंजारामला त्यानं ते सांगितलं नव्हतं. सांगायचं टाळलं असंही नाही. बारा दिवसांत कधी आठवलंच नाही. पुंजारामनं आवाज ऐकला आणि कुठून येतोय ते बघायला, मन लावून काम करणाऱ्या माणसासारखा, तो त्या मोकळ्या हवेत वाकला. त्याच क्षणी जोड पूर्ण सुटला.

तपासणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी छगनला बंगल्यावर बोलावून घेतलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, व्हॉल्व्ह तू आवळलास, सांगणारा मी होतो हे कागदावर कुठंच नाही. मग पाणी दिलं. जबाब तयार होता. दाब एकवीसच्या आत होता. मयत कामगार नवखा होता, त्यानं कुणाला न विचारता जोडाच्या बोल्टला पाना लावला. छगननं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बशांसमोर तेच म्हणून सही केली. निष्काळजीपणा कामगाराचाच ठरला, म्हणून भरपाईचा प्रश्न उरला नाही. कारखान्यानं दया म्हणून काही दिलं असं त्यानं ऐकलं. पुढच्या हंगामात त्याला कायम केलं. पुंजारामची बायको बायडाबाई एकदा गेटवर आली होती, कडेवर तीन वर्षांचं पोर घेऊन. तिनं छगनला विचारलं नाही, विचारलं ते गेटवरच्या माणसाला, की त्यांचे बूट कुठायत. छगन तेव्हा सायकलवर होता. त्यानं पायडल मारलं. नंतर त्याचं लग्न झालं, गावची, काष्टीची जमीन भावानं घेतली, तो नगरला राहायला आला, निकिता झाली. त्या दुपारबद्दल तो कुणाशी बोलला नाही. विसरला होता असंही नाही. दर साली बॉयलर पेटवताना पूजा व्हायची तेव्हा तो मागं उभा राहायचा, एवढंच.

"काका, झालं का?" काचेपलीकडचा माणूस म्हणाला. छगनच्या मागं आता दोन माणसं उभी होती. निकितानं मोबाईल खाली केला आणि बोटानं त्याला चौकोन दाखवला, नाहीच्या पुढचा, त्याला इंग्रजी समजलं नसेल असं वाटून. तिच्या बोटाचं नख तुटलेलं होतं. सात दिवस ती रोज ते यंत्र उघडत होती आणि बंद करत होती. त्याला वाटलं की ह्या पोरीसाठी नाहीवर खूण करावी. एवढी लहान गोष्ट आहे, एका मोठ्या कंपनीला कळणारही नाही, आणि जी चूक झाली ती तिची नाहीच, माझी आहे. मीच म्हणालो होतो कसली वॉरंटी. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. आणि तरी हात नाहीकडे जाईना. त्यात कसला निश्चय नव्हता, मोठेपणा तर नव्हताच. ओकारी येते तशी ती गोष्ट वर आली. त्यानं होयच्या चौकोनात खूण केली, सही केली आणि कागद काचेखालून आत सरकवला. तो माणूस वाचून एक क्षण थांबला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं. म्हणाला, मग हे आम्हाला घेता येणार नाही. आणि प्रोसेसरची लहान डबी त्यानं परत बाहेर ठेवली.

निकितानं ती डबी उचलली. जिना उतरून खाली आल्यावर मेडिकलसमोरच्या बाकावर ती बसली. छगन तिच्या शेजारी बसला आणि एकतीस वर्षांत जे बोलला नव्हता ते सगळं त्यानं तिला सांगितलं. पुंजारामचं, व्हॉल्व्हचं, जबाबाचं. रस्त्यावरून टेम्पो जात होते, त्यामुळे काही वाक्यं त्याला दोनदा म्हणावी लागली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. त्याला वाटत होतं की तिला रडू येईल, किंवा ती त्याचा हात धरेल, किंवा निदान त्याच्यापासून लांब सरकेल. ती डबी मांडीवर फिरवत राहिली.

"हे त्या बाईला सांगितलंत?" तिनं विचारलं.

तो नाही म्हणाला.

"मग इथं कशाला खरं बोललात, पप्पा? इथं कोण मेलं होतं? जिथं बोलायचं होतं तिथं गप्प बसलात आणि माझ्या फॉर्मवर बोललात. त्या माणसानंही तुमच्यावर भरवसा ठेवला होता आणि मीही ठेवला. दोन्ही वेळा तुमचं काहीच गेलं नाही."

ती हे चढ्या आवाजात म्हणाली नाही. मग उठून तिनं गाडी काढली आणि तो मागं बसेपर्यंत थांबली. घरी येईपर्यंत तिच्या पाठीकडे बघताना त्याला कळत होतं की यातलं एक अक्षरही खोडून काढता येणार नाही. नवा प्रोसेसर विकत घेण्याइतके पैसे नव्हते. काम अडलं होतं त्या बिल्डरनं दहा दिवस वाट पाहिली आणि ते दुसऱ्याला दिलं. त्याच्या मागची दोन कामंही गेली. महिन्याभरात निकितानं पुण्याला एका ऑफिसात नोकरी धरली. दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्यानं ठरवलेल्या गतीनं. जाताना तिनं आईला सांगितलं की मुदत संपायची वाट बघू नका, त्या श्रीरामपूरच्या लोकांना काय कळवायचं ते कळवा, मला आता कशाचंच काही वाटत नाही. मुक्ताबाईनं छगनला विचारलं, पोरीला काय झालं? तो म्हणाला, प्रोसेसर गेला. फोन आला की निकिता आईशी बोलायची. छगन समोर बसून मुक्ताबाईच्या बाजूचे हुंकार ऐकायचा.

तो पाथर्डीची एसटी धरून गेला तेव्हा फेब्रुवारी लागला होता. गावाचं नाव त्याला माहीत होतं, ते जबाबावर होतं. पाथर्डीहून जीप मिळाली. गावात माणसं थोडी, म्हातारी आणि लहान पोरं, बाकीचे सगळे उसावर. बायडाबाई अंगणात सूप घेऊन बाजरी पाखडत होती. त्यानं कारखान्याचं नाव घेतलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याला बसायला पोतं टाकलं. पाणी आणून दिलं. तिला वाटलं असावं की पैसे द्यायच्या लोकांची कसली तरी जुनी यादी निघाली असेल. त्यानं सांगितलं. इथं आवाज करणारं काही नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य एकदाच म्हणावं लागलं. ती बाजरीकडे बघत ऐकत होती.

"म्हंजी त्यान्नी पाना लावलाच न्हाई?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही. त्याच्या हातात पाना कधी दिलाच नव्हता आम्ही."

तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. छगन मार खायच्या तयारीनं बसला होता, निदान शिव्या तरी. पण ती बोलली ती स्वतःशी बोलल्यासारखी. "म्या त्यान्ला लई शिव्या घातल्या. एकतीस वर्सं. चांगलं सावलीतलं काम मिळालं हुतं, नको तिथं हात घातला, सोता गेले अन् आमाला फडात घालून गेले, आसं म्हनायची. लेकाला बी तेच सांगितलं. त्याचं कायबी चुकलं की म्हनायची, बापावर गेलास, येंधळा." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमी सांगून मोकळं झाला. म्या आता कुनापाशी जाऊ?"

त्यानं माफी मागितली नाही. तो शब्द तोंडात आला होता, पण एवढ्या बाजरीच्या अंगणात तो ठेवायला जागा दिसेना. बायडाबाई आत गेली आणि बटणांचा मोबाईल घेऊन आली. तिनं एक नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढं धरला. म्हणाली, "बिभीषण हाय. उसावर हाय. त्याला तुमीच सांगा. माझ्या तोंडून त्याला आता खरं वाटनार न्हाई."

पलीकडे वारा होता आणि माणसांचे आवाज होते. "बोल आये," एक पुरुषी, दमलेला आवाज म्हणाला. छगननं आपलं नाव सांगितलं आणि तो सगळं पुन्हा बोलला, तिसऱ्यांदा. या वेळी ते लहान झालं होतं. दाब जास्त होता. व्हॉल्व्ह मी आवळला. तुझ्या वडिलांना काय करायचं नाही ते मी सांगितलं नाही. त्यांची काही चूक नव्हती, मी कागदावर खोटं लिहून दिलं. बोलणं संपल्यावर छगनला वाटलं फोन तुटला. मग तो आवाज आला. "लगीच गेले का त्ये?"

बायडाबाई समोर उभी होती. तिला ऐकू आलं होतं. छगनला हे माहीत होतं की इथं हो म्हणता येईल आणि कुणी तपासणार नाही. "नाही," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होते. जीपमधून नगरला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. बोलत होते."

"काय म्हनत हुते?"

"पाळी पुरी झाली नव्हती. आजची हजेरी लागंल ना, असं विचारत होते. सारखं तेच विचारत होते."

वारा वाजत राहिला. दूर कुणीतरी बिभीषणला हाक मारली, गाडी भरायची होती. त्यानं ओ दिली नाही.

"लागली का?" त्यानं विचारलं.

छगननं आठवायचा प्रयत्न केला. हजेरीचं पुस्तक टाइम ऑफिसच्या खिडकीत असायचं, तो दुसऱ्या दिवशीही त्याच्यासमोरून गेला होता आणि नंतर निवृत्त होईपर्यंत रोज गेला होता. त्यानं कधी उघडून पाहिलं नव्हतं.